ल मोंद द्यु सिलान्स (मौनाचे जग)

समुद्रातील जीवसृष्टीवरील पूर्ण लांबीचा फ्रेंच अनुबोधपट. जाक-ईव्ह कूस्तो (१९१०–९७) आणि त्या वेळी जेमतेम तेवीस वर्षांचे असलेले लुई माल हे त्याचे दिग्दर्शक. १९५६ च्या कान महोत्सवात त्याला पाम दॉर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यानंतर दुसऱ्या अनुबोधपटाला हा मान मिळण्यास २००४ साल उजाडले. सर्वोत्कृष्ट अनुबोधपटाचे ऑस्करही त्याने पटकावले.

भूमध्य समुद्र, तांबडा समुद्र, इराणचे आखात आणि हिंदी महासागर येथील हे चित्रीकरण ‘कॅलिप्सो’ या जहाजावरून झाले. मुळात ते दुसऱ्या महायुद्धात सुरुंग काढण्यासाठी बांधलेले जहाज होते. मात्र चित्रपट शक्य झाला तो कूस्तो आणि अभियंता एमील गान्यां यांनी १९४३ मध्ये सिद्ध केलेल्या ॲक्वालंगमुळे. पाठीवरच्या नळकांड्यातील दाबाखालची हवा या उपकरणाची झडप पाणबुड्याने श्वास ओढला तेव्हाच, आणि भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने सोडते. त्यामुळे जहाजापर्यंत जाणाऱ्या नळीचे बंधन सुटले आणि कॅमेरा माशांच्या बरोबरीने फिरू लागला. पुण्याहून सुट्टीत तारकर्लीला जाऊन स्कूबा करणारे आज ज्या साधनाने श्वास घेतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे.

पाण्यात प्रकाशातील तांबडा रंग सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे खोलवर सारे निळसर दिसते. पथकाने प्रखर दिवे तळाशी नेले, तेव्हा तेथील लाल-नारिंगी जीव पडद्यावर त्यांच्या खऱ्या रंगांत उजळले. पाणबुड्यांशी सलगी करणारा जोजो नावाचा मासा प्रेक्षकांचा विशेष लाडका ठरला. तो ज्या कुळातला, त्यातल्या माशांना आपल्याकडे हेकरू किंवा गोब्रा म्हणतात, आणि पुण्यातल्या खवय्यांची त्यांच्याशी गाठ पडते ती बहुधा बाजारातच.

आज हा चित्रपट निर्मळ कौतुकाने पाहणे अवघड जाते. माशांची मोजदाद करण्यासाठी प्रवाळभित्तीवर सुरुंग उडवला जातो. जहाजाच्या पंख्यात सापडून देवमाशाचे पिल्लू जबर जखमी होते, आणि त्याच्यावर तुटून पडलेल्या शार्कना खलाशी वर ओढून कुऱ्हाडीने मारतात. निवेदनाला यात फारसे वावगे वाटत नाही, आणि तीच यातील सर्वांत बोलकी बाब आहे. पुण्यात १९६० पासून चित्रपटांचे शिक्षण आणि १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे काम चालत आले आहे. तेथील अभ्यासू प्रेक्षकाने हा पट समुद्राइतकाच समुद्राकडे पाहणाऱ्या माणसांचाही दस्तऐवज म्हणून पाहावा. पुढे कूस्तो यांची भूमिका बदलली: १९६० मध्ये भूमध्य समुद्रात किरणोत्सारी कचरा टाकण्याच्या योजनेला त्यांनी जाहीर विरोध केला.