केडगावची प्रार्थनापरंपरा (मुक्ती मिशन)

पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) मुक्ती मिशनमध्ये रुजलेली सामुदायिक व मध्यस्थीची (इतरांसाठी देवाकडे मागण्याची) ख्रिस्ती प्रार्थना. दुष्काळातून आलेल्या शेकडो मुली आणि निराधार स्त्रियांचा भार कायम उत्पन्नाशिवाय वाहताना रमाबाईंनी प्रार्थनेलाच कामाचा आधार मानले.

रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमधील वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले त्यांचे शारदा सदन (विधवा व मुलींसाठीची निवासी शाळा) पुढच्या वर्षी पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून १८९३ मध्ये वाद पेटला. रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि बऱ्याच पालकांनी मुलींना परत नेले. दार लावून घेण्यास रमाबाई तयार झाल्या नाहीत.

सदनाचा खर्च बॉस्टन येथील रमाबाई असोसिएशन चालवीत असे, पण ही हमी दहा वर्षांपुरतीच होती व १८९८ मध्ये ती संपणार होती. रमाबाईंच्या वाचनात ब्रिस्टलचे जॉर्ज म्यूलर व चीनमधील हडसन टेलर यांची चरित्रे आली. हे दोघे वर्गणी न मागता केवळ प्रार्थनेच्या बळावर संस्था चालवीत. तेच हिंदुस्थानात का होऊ नये, असा प्रश्न रमाबाईंना पडला. १८९६-९७ च्या दुष्काळाने हा प्रश्न कागदावर राहू दिला नाही. तरुणपणी त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने या मुलींना केडगावच्या माळावर आणावे लागले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते.

जानेवारी १९०५ पासून रमाबाईंनी रोजच्या खास प्रार्थनेसाठी स्वयंसेविका बोलावल्या. प्रथम सत्तरएक जणी पुढे आल्या, नंतर ही संख्या काही शेकड्यांवर गेली. २९ जूनच्या पहाटे शयनगृहात एका मुलीला आपल्या अंगात अग्नी संचारल्यासारखे वाटले. तिच्या सोबतिणीला ती खरोखरच पेटलेली दिसली व ती पाण्याची बादली आणायला धावली, असा वृत्तान्त सहकारी मिनी एब्रम्स यांनी नोंदविला आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत असताना सगळ्याच मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. या घटनेला मुक्तीचे संजीवन (सामूहिक धार्मिक जागृती) म्हणतात.

या संजीवनाच्या उगमाविषयी मतभेद आहेत. १९०४ च्या अखेरीस वेल्समध्ये जागृती झाली व तिचा प्रभाव १९०५ मध्ये वेल्श मिशनमार्फत ईशान्य भारतातील खासी टेकड्यांत पोहोचला. केडगाव ही त्याच लाटेची पुढची पायरी, असे एक मत. वेल्सच्या वार्तेने केडगावात उत्साह वाढला हे खरे, पण केवळ तेवढे कारण पुरत नाही. त्याआधी, १९०३ च्या सुमारास, ऑस्ट्रेलियातील प्रार्थनामंडळांची माहिती घेण्यासाठी रमाबाईंनी कन्या मनोरमाबाई व एब्रम्स यांना तिकडे पाठविले होते. १८९८ मध्ये त्या स्वतः इंग्लंडातील केझिक येथील वार्षिक आध्यात्मिक मेळाव्यास जाऊन आल्या होत्या. म्हणजे तयारी स्थानिक व आधीची होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दुसरा वाद अन्यभाषेत बोलण्याच्या, म्हणजे प्रार्थनेच्या आवेशात न शिकलेल्या भाषेत बोलण्याच्या, काळाचा आहे. पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम ज्यांत मानला जातो त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील सभा एप्रिल १९०६ पासूनच्या. केडगावात अशी उदाहरणे १९०५ मध्येच घडली असे काही लेखक मानतात. दौंड येथे मुलांचे वसतिगृह चालविणारे आल्बर्ट नॉर्टन यांच्यासारख्यांच्या प्रत्यक्ष साक्षी मात्र १९०६ कडे निर्देश करतात. अलीकडचे पेंटेकॉस्टल इतिहासकार केडगावला स्वतंत्र केंद्राचा दर्जा देतात, आणि ते रास्तही आहे. या संजीवनावरील एब्रम्स यांची पुस्तिका चिलीत व्हाल्पाराइसो येथे पोहोचली व तेथील १९०९ च्या जागृतीस प्रेरक ठरली. अन्यभाषा हीच पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची एकमेव खूण, हा आग्रह मात्र केडगावात धरला गेला नाही.

नंतरच्या वर्षांत रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात गुंतल्या. छपाई मिशनच्याच छापखान्यात होई व खिळ्यांच्या जुळणीपासूनची कामे तेथील स्त्रिया करीत. १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. संस्थेचा भार जिच्यावर सोपवायचा ती लेकच गेल्याने प्रकृती खालावलेल्या रमाबाईंवर सगळी जबाबदारी पुन्हा येऊन पडली. मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी प्रार्थना त्यांनी केल्याचे चरित्रकार लिहितात. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. मिशनचे काम केडगावात आजही चालू आहे.