मूच, बम, लोफ (चिनी विद्यार्थ्यांसाठी)

मूच, बम, लोफ, स्क्राउंज, स्पंज ही बोलीतली इंग्रजी क्रियापदं. अर्थ दोनच, फुकटात उपटणं आणि नुसतं उंडगणं. चिनी मुलांना हे शिकवायला त्यांचंच 'त्संग' कामी येतं: मूळ अर्थ घासणं, मग रेंगाळणं, मग दुसऱ्याच्या जिवावर भागवणं. त्संग-फान म्हणजे फुकटचं जेवण, त्संग-वांग म्हणजे शेजाऱ्याचं वायफाय. मूचमध्येही हे दोन्ही अर्थ आहेत, फक्त ब्रिटनमध्ये 'मूच अराउंड' म्हणजे रेंगाळणं जास्त चालतं आणि अमेरिकेत 'मूच ऑफ' म्हणजे फुकटेगिरी.

बमच्या मुळावर वाद आहे. बहुतेक कोशकार जर्मन 'बुमेल्न' (रमतगमत फिरणं) आणि त्यावरून 'बुमलर'कडे बोट दाखवतात, त्यातून साधारण 1850 च्या दशकात अमेरिकेत 'बमर' आला आणि त्याची शेपूट तोडून बम झाला असावा, आणि हेच जास्त पटतं कारण 1864 मध्ये, अमेरिकन यादवी युद्धात, उत्तरेच्या जनरल शर्मनच्या सैन्याने अटलांटाहून सव्हानापर्यंत कूच केलं तेव्हा वाटेतल्या शेतांवरून धान्य, डुकरं, कोंबड्या उचलणाऱ्या शिपायांना 'बमर्स'च म्हणायचे, म्हणजे भटकणं आणि लुबाडणं तेव्हाच एका शब्दात आलेलं. ढुंगण या अर्थाचा ब्रिटिश बम कितीतरी जुना, त्याचा याच्याशी संबंध नसावा. लोफर 1830 च्या दशकातला, तो जर्मन 'लांडलॉयफर' (भटक्या) वरून आला असं सांगतात पण ध्वनी जुळवताना जरा कसरतच होते. (आपला मराठी लोफर इंग्रजीतूनच आला, पण आपल्याकडे ती सरळ शिवी, तिकडे नुसता आळशी.) स्क्राउंज बोलीभाषेतला, पहिल्या महायुद्धात सैनिकांनी पसरवला.

चुका होतात त्या 'ऑफ'पाशी. चिनीत 'त्याचं जेवण त्संग' असं षष्ठीत भागतं, इंग्रजीत ज्याच्याकडून उपटलं त्याच्या आधी ऑफ लागतो. सिगारेट बम करतात, ती परत द्यायची नसते. काडेपेटीसाठी चिनीत मात्र 'आग उसनी दे' असंच म्हणतात, म्हणून मुलं सिगारेटलाही 'बॉरो' लावतात, त्यात चूक अशी नाही, पण जरा सोज्वळ वाटतं.

चिनी 'मोयु' (शब्दशः मासे चाचपणं) म्हणजे ऑफिसात काम करतोय असं दाखवत टंगळमंगळ. त्याला लोफ नको, 'स्लॅक ऑफ' बरं.