दात तास मोजतात

गेल्या वैशाखात अमळनेर तालुक्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. वरण-बट्टीची पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या आणि अर्ध्या तासाने माझी बारा वर्षांची भाची रडवेल्या चेहऱ्याने सांगू लागली की, जेवायला बसताना तिने वाकडे दात सरकवण्यासाठी तोंडात घालायची काढ-घालीची प्लेट काढून कागदी रुमालात गुंडाळली होती आणि पानाशेजारी ठेवली होती. मग भर उन्हात मंडपामागच्या पत्रावळींच्या ढिगापाशी आम्ही तीन मोठी माणसे काठ्या घेऊन उभी राहिलो. प्लेट सापडली, तुपाने माखलेली, गुलाबी अ‍ॅक्रिलिकवर वांग्याच्या भाजीची हळद चढलेली आणि दाढेला पकडणारी एक तार वाकलेली. हे सगळे पाहून तिच्या आजींनी निकाल दिला, “दिनभर तोंडमा नको ठेवू, दात ढिला व्हयी जातीन. रातले घाल, बस.”

हाच सल्ला जळगाव-धुळ्याकडच्या अनेक घरांत दिला जातो आणि तो अगदीच बिनबुडाचा नाही, म्हणूनच त्याची नीट चिकित्सा करावीशी वाटते. त्यामागे अशी समजूत आहे की, दात हा भिंतीतल्या खिळ्यासारखा जबड्यात ठोकलेला असतो. त्याला हलवायचे म्हणजे खिळा हलवून हलवून भोक मोठे करायचे, आणि भोक मोठे झाले की खिळा ढिला होणारच. दात खरोखर असा बसवलेला असता, तर आजींचे म्हणणे शब्दशः खरे ठरले असते.

प्रत्यक्षात दात हाडाला चिकटलेलाच नसतो. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर रुंदीची एक फट असते आणि त्या फटीत असंख्य बारीक तंतूंचे जाळे असते. त्याला परिदंत बंध म्हणतात. या तंतूंची एक टोके मुळात आणि दुसरी हाडात रुतलेली असतात, त्यामुळे दात हाडाच्या खळग्यात टांगल्यासारखा असतो. आणि तंतूंच्या मधल्या जागेत रक्तवाहिन्या, चेतातंतू, पेशी आणि द्रव भरलेला असतो. दात सरकण्याची सगळी गोष्ट या ०.२ मिलिमीटरमध्ये घडते, आणि माझ्या मते शरीरातल्या सर्वांत सुंदर यंत्रणांपैकी ती एक आहे.

कळण्याची कडक भाकरी आपण दाढेखाली घेतो तेव्हा दातावर काही किलोंचा भार येतो, पण दात सरकत नाही. कारण तो भार एक सेकंदही टिकत नाही. तेवढ्या वेळात फटीतला द्रव बाहेर पडू शकत नाही आणि तोच गादीसारखा भार झेलतो. उलट प्लेटच्या तारेचा जोर ग्रॅमांत मोजावा लागतो, पण तो तासन् तास टिकतो. पहिल्या काही सेकंदांतच द्रव हळूहळू बाजूला होतो आणि दात त्या फटीतल्या फटीत किंचित कलतो. ज्या बाजूला तो कलला तिथले तंतू दाबले जातात, विरुद्ध बाजूचे ताणले जातात. काही मिनिटांत दाबल्या गेलेल्या बाजूचा रक्तपुरवठा बदलतो आणि पेशी प्रोस्टाग्लँडिनसारखी रासायनिक संदेशद्रव्ये सोडू लागतात. सुमारे चार तास जोर कायम राहिला, तर पेशींच्या आतल्या संदेशांची पातळी वाढलेली दिसते आणि नव्या पेशी घडू लागतात. साधारण दोन दिवसांनी दाबाच्या बाजूला अस्थिभक्षक पेशी हाड विरघळवू लागतात आणि ताणाच्या बाजूला अस्थिजनक पेशी नवे हाड रचू लागतात. म्हणजे भोक मोठे होत नाही; खळगाच दाताबरोबर पुढे सरकतो.

इथे थोडे खोलात शिरतो, कंटाळा आल्यास हा परिच्छेद गाळावा. अस्थिभक्षक पेशी या मूळच्या दातापाशी राहणाऱ्या नसतात. त्यांच्या पूर्वज पेशी रक्तातून येतात. त्यांना बोलावण्याचे काम परिदंत बंधातल्या आणि हाड घडवणाऱ्या कुळातल्या पेशी करतात. त्यांच्या पृष्ठभागावर आणि भोवती रँकल नावाचे प्रथिन असते. ते पूर्वज पेशीवरच्या रँक या ग्राहीत, म्हणजे संदेश घेणाऱ्या प्रथिनात, किल्लीसारखे बसले की तिची अस्थिभक्षक पेशी बनते. बोलावणाऱ्या त्याच पेशी ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचे दुसरे प्रथिनही सोडतात, जे रँकलला मध्येच अडकवून ती किल्ली निकामी करते. दाबाच्या बाजूला रँकलचे पारडे जड होते, ताणाच्या बाजूला ऑस्टिओप्रोटेजेरिनचे. एकाच दाताच्या दोन बाजूंना, अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतरावर, हाड मोडण्याचे आणि हाड बांधण्याचे काम एकाच वेळी चालते ते या तोलामुळे.

मग जोर वाढवला तर काम लवकर उरकेल का? नाही, ते उलट रखडते. दंततज्ज्ञ श्वार्झ यांनी १९३२ साली असे मांडले की, योग्य जोर केशवाहिन्यांतल्या, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतल्या, रक्तदाबाच्या आसपास, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम असावा. आज हा आकडा कोणी अक्षरशः पाळत नाही, पण त्यामागचा विचार टिकून आहे. जोर फार झाला की केशवाहिन्या पूर्ण बंद होतात आणि तिथल्या पेशी मरतात. मेलेल्या पेशी कोणालाही बोलावू शकत नाहीत. मग हाड आतल्या बाजूने, मज्जेच्या पोकळ्यांकडून पोखरत यावे लागते आणि एक-दोन आठवडे दात जागचा हलत नाही; शिवाय दुखते ते वेगळेच. आपल्याकडच्या केळीवाल्याला हे वेगळे सांगायला नको: झाडाला ठिबकने थेंब थेंब पाणी सतत मिळाले की ते वाढते, आणि आठवड्याचे पाणी एकदम सोडले तर मुळे गुदमरतात.

टाळूच्या प्लेटमध्ये मधोमध जो छोटा स्क्रू असतो त्याचे गणित इथे जुळते. छोट्या चावीने पाव फेरा दिला की प्लेटचे दोन भाग सुमारे ०.२ ते ०.२५ मिलिमीटरने लांब होतात. दोन्ही बाजूंच्या दातांत हे अंतर वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला ०.१ मिलिमीटरच्या थोडेसे वर येते, म्हणजे परिदंत बंधाच्या रुंदीच्या जवळपास निम्मे. तंतू दाबले जातात, चिरडले जात नाहीत. सुट्टीत लवकर उरकू म्हणून दिवसाला चार फेरे देणाऱ्या मुलांची प्लेट दोन दिवसांत दातांवर बसेनाशी होते, त्याचे कारण हेच.

आता आजींच्या “रातले घाल” या सल्ल्याकडे येऊ. रात्रीचे आठ तास म्हणजे चार तासांचा उंबरठा ओलांडला जातो, त्यामुळे दात काहीच सरकणार नाही असे नव्हे. पण उरलेल्या सोळा तासांत जीभ, ओठ, गाल आणि ताणलेले तंतू दाताला मागे लोटतात. जीभ-ओठांचा जोर हलका असला तरी तोही सततचा असतो. दात रात्री पुढे, दिवसा मागे असा झुलत राहतो, आणि आजींना ज्याची भीती होती ते हलणे या अर्धवट वापरातच रेंगाळते. म्हणूनच दात सरकवण्याच्या प्लेटसाठी दिवसातले २० ते २२ तास सांगितले जातात. पारदर्शक अलायनरचे, म्हणजे दातांवर टोपीसारख्या बसणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यांचेही तेच: प्रत्येक साचा दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवण्यासाठी बनवलेला असतो आणि तास कमी पडले की पुढचा साचा बसत नाही. उपचार चालू असताना दात किंचित हलतात हे खरे आहे, पण ते खळग्याची नवी बांधणी चालू असल्याचे लक्षण आहे. बांधणी संपली की ते पुन्हा घट्ट होतात.

काढ-घालीची प्लेट सगळे काही करू शकते असे मात्र नाही. तार दाताच्या हिरडीबाहेरच्या भागालाच ढकलते, त्यामुळे दात कलतो. मुळासकट उभाच्या उभा सरकवणे किंवा गरकन फिरवणे तिच्याकडून नीट होत नाही. त्यासाठी दातांवर चिकटवलेल्या ब्रॅकेट नावाच्या छोट्या पकडींच्या पक्क्या तारा लागतात. तेव्हा “शेजारच्या मुलाचे प्लेटने झाले, मग आमच्याला पक्की तार कशाला?” या प्रश्नाचे उत्तर दाताच्या मुळाच्या दिशेत असते.

याहून वाईट प्रकार मोबाइलवरच्या चित्रफितींत दिसतो: पटाशीच्या दोन दातांतली फट घरच्या घरी साधे रबर लावून बुजवण्याचा. पटाशीच्या दातांत फट असलेला माणूस भाग्यवान, हा जुना समज परवडला, कारण त्याने कोणाचे नुकसान तरी होत नाही. दाताचे मूळ टोकाकडे निमुळते असते, त्यामुळे रबर घसरत हिरडीच्या आत शिरते, दिसेनासे होते आणि परिदंत बंध कापत वर सरकते. अशा रबराने निरोगी दात गमावल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेल्या आहेत.

निगेचे बहुतेक नियम तीन गोष्टींवरून काढता येतात: अ‍ॅक्रिलिक उष्णतेने वाकते, तार बोटांनी वाकते, आणि दोन्हींवर जंतूंचा थर बसतो. म्हणून प्लेट गरम पाण्यात घालू नये, उकळून ‘निर्जंतुक’ तर मुळीच करू नये. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बंद मोटारीच्या डॅशबोर्डवर ७० अंशांच्या आसपास तापमान सहज होते. तिथे दुपारभर राहिलेली प्लेट बाहेरून धड दिसते, पण टाळूला लागत नाही. काढताना जिभेने उचकटू नये. दोन्ही बाजूंच्या दाढांच्या तारांखाली बोटे घालून ती सारख्या जोराने काढावी, कारण ती तार दाढेच्या फुगीर भागाखाली अडकण्यावरच सगळी पकड अवलंबून असते. ती सैल झाली की प्लेट दाताला ढकलण्याऐवजी स्वतःच खाली सरकते.

धुण्यासाठी मऊ ब्रश, साधे पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रवाचा एखादा थेंब पुरतो. टूथपेस्टमधल्या कणांनी अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे उठतात आणि त्यांत जंतू बसतात. भाचीला मी पाण्याने भरलेल्या टपावर धरून प्लेट धुवायला शिकवले, म्हणजे हातातून निसटली तरी फरशीवर आपटत नाही. न धुतलेली प्लेट रात्रंदिवस वापरली की तिच्याच आकाराचा लालसर चट्टा टाळूवर उठू शकतो, बहुधा कँडिडा या बुरशीमुळे. तो दिसल्यास दवाखाना गाठावा.

लग्नातल्या त्या प्लेटची तार डॉक्टरांनी पक्कडीने दोन मिनिटांत सरळ केली. पण मधल्या चार दिवसांत प्लेट तोंडात नव्हती, आणि पटाशीचा एक दात जरा मागे आला होता, म्हणून ती घट्ट बसली आणि दोन दिवस ठणका लागला. हळदीचा पिवळा डाग मात्र निघाला नाही. आता जेवायला बसण्याआधी भाची निळा डबा काढून ताटाशेजारी ठेवते, आणि आजी वाढताना विचारतात, “डबीमा ठेवी का?”