कार्बोरेटर मोटारीतील इंधनपुरवठ्याचे दोष

कार्बोरेटर मोटारीतील इंधनपुरवठ्याचे दोष : टाकीतले पेट्रोल कार्बोरेटरच्या (पेट्रोल व हवा मिसळणाऱ्या भागाच्या) फ्लोट कप्प्यापर्यंत स्वच्छ, पुरेसे आणि बेताच्या दाबाने न पोहोचल्यामुळे, किंवा गरजेपेक्षा जास्त पोहोचल्यामुळे इंजिनात होणारे बिघाड व ते शोधण्याची रीत. भारतीय रस्त्यांवर हा विषय मुख्यतः तीन गाड्यांशी निगडित आहे : कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून बनू लागलेली व पुढे ‘प्रीमिअर पद्मिनी’ झालेली १,०८९ घ. सेंमी.ची गाडी, हिंदुस्तान मोटर्सची पेट्रोलवरची अँबॅसडर, आणि २००० च्या सुमारास इंजेक्शन येण्यापूर्वीची मारुती ८००. तिन्हींत टाकी मागे, इंजिन पुढे आणि पेट्रोल ओढायला इंजिनावरच बसवलेला यांत्रिक पंप अशी रचना आहे.

या दोषांत सर्वांत महागात पडणारी सवय म्हणजे गाडी अडखळली की आधी कार्बोरेटर खोलणे. कार्बोरेटर हे या वाटेवरचे शेवटचे ठिकाण आहे. बिघाड बहुधा त्याच्या मागे, नळीत, पंपात किंवा टाकीत असतो, आणि नीट चाललेला कार्बोरेटर उगाच खोलल्यास जुनी गॅस्केटे (सांध्यांतली सीलपट्टी) फाटून एकाचे दोन दोष होतात.

पेट्रोलची वाट : टाकीच्या तळापासून थोडी वर उघडणारी शोषनळी, तिच्या टोकाची जाळी, गाडीच्या पोटाखालून जाणारी धातूची नळी, इंजिनाजवळ रबरी जोडनळी, पंप, फिल्टर, पुन्हा नळी, कार्बोरेटरच्या तोंडाशी (सोलेक्स बनावटीच्या अनेक कार्बोरेटरांत) बारीक जाळी, मग नीडल व्हॉल्व्ह (सुईसारखी झडप) आणि फ्लोट कप्पा असा हा प्रवास आहे. कॅमशाफ्टवरचा उंचवटा पंपाचा दांडा दाबतो, डायफ्रॅम (पंपातला लवचिक पडदा) खाली ओढला जातो व पेट्रोल शोषले जाते. ते पुढे ढकलण्याचे काम डायफ्रॅमखालची स्प्रिंग करते. म्हणजे पंपाचा दाब कॅम नव्हे, स्प्रिंग ठरवते. लहान इंजिनांत तो दर चौ. सेंमी.ला साधारण ०.१५ ते ०.३ किग्रॅ. असतो. कप्पा भरला की पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट नीडल बंद करतो, डायफ्रॅम खालीच राहतो आणि दांडा नुसता हलत राहतो.

पंपापूर्वीचा सारा मार्ग शोषणाखाली असतो, पंपानंतरचा दाबाखाली. हा फरक ध्यानात ठेवला तर निम्मे निदान होते. पंपापुढे नळी चिरली तर पेट्रोल ठिबकते, वास येतो, दोष लपत नाही. पंपामागे चिरली तर थेंबही बाहेर येत नाही. पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. ‘पाइप कोरडा आहे, म्हणजे ठीक आहे’ हा निष्कर्ष इथे फसवा ठरतो. मागच्या रबरी नळीच्या क्लिपाजवळ वाकवून पाहिल्यास बारीक भेगा दिसतात. खात्री करायची तर पंपाच्या आधी काही वेळापुरता पारदर्शक नळीचा तुकडा घालावा : सतत बुडबुडे वाहत असतील तर हवा आत येते आहे.

आधी करंट : इंधनाचा म्हणून आणलेला दोष पुष्कळदा ठिणगी पाडणाऱ्या पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइलचा निघतो. प्लग काढून बॉडीला टेकवून सेल्फ मारल्यावर निळसर, ठसठशीत ठिणगी दिसली तरच पुढे जावे. हे सिलिंडरच्या भोकांपासून दूर आणि पेट्रोलची कुठलीही नळी सोडण्यापूर्वी करायचे. तेव्हाच प्लगचा रंगही पाहून घ्यावा. पांढरट, राखेसारखे टोक म्हणजे पेट्रोल कमी पडते. काळी, मऊ काजळी म्हणजे जास्त. ओला, पेट्रोलचा वास येणारा प्लग म्हणजे पेट्रोल पोहोचते आहे, पेटत नाही.

दोन फुकटच्या चाचण्या : एअर क्लीनरचे झाकण काढावे, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या घशात पाहत अॅक्सिलरेटरचा दांडा हाताने झटक्यात ओढावा. आतल्या बारीक नळीतून पेट्रोलची धार उडाली तर कप्प्यात पेट्रोल आहे. टाकी, नळ्या, पंप यांची तूर्त सुटका. धार आली नाही तर बहुधा कप्पा कोरडा आहे आणि मागे जायचे आहे. क्वचित अॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅमच गेलेला असतो. एसयू बनावटीचा कार्बोरेटर असलेल्या जुन्या अँबॅसडरला हा पंप नसतो, त्यामुळे तिथे कप्प्याचे झाकणच उघडावे लागते. गाडी चालता चालता बंद पडली असेल तर ही चाचणी थांबल्या जागी, लगेच करावी. दहा मिनिटांनी कप्पा पुन्हा भरलेला असू शकतो आणि पुरावा नाहीसा होतो.

दुसरी चाचणी चोकची, म्हणजे हवा अडवून मिश्रणात पेट्रोल वाढवणाऱ्या झडपेची. गरम इंजिन अडखळत असताना चोक थोडा ओढून सुधारले तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे किंवा कुठून तरी जादा हवा येते; आणखी बिघडले, काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त आहे.

लक्षण केव्हा येते : गाडी स्लोवर (पाय न देता, उभ्या जागी) तासभर चालते आणि मोकळ्या रस्त्यावर दम टाकते, याचा अर्थ पुरवठा चांगला असा लावू नये. या आकाराचे इंजिन स्लोवर मिनिटाला जेमतेम १०–१५ मिलि. पेट्रोल पिते. ताशी ८० किमी. वेगाने, लिटरला १२ किमी. धरल्यास, तेच ११० मिलि.च्या वर जाते. अर्धी तुंबलेली जाळी किंवा थकलेला पंप पहिली गरज सहज भागवतो, दुसरी नाही. म्हणून वेगात किंवा चढावर एक-दोन मिनिटांनी धक्के मारू लागणे, पाय काढल्यावर सावरणे, पुन्हा दाबल्यावर तेच, हे पुरवठा कमी पडण्याचे ठरलेले रूप आहे. तुंबलेला मुख्य जेट (पेट्रोल मोजून सोडणारे कार्बोरेटरातले बारीक भोक) मात्र पाय दाबताक्षणी जाणवतो. कप्पा रिकामा व्हायला लागणारा तो मधला वेळ तिथे नसतो.

दहा-पंधरा किलोमीटर नीट जाऊन बंद पडणारी व थोड्या विश्रांतीने चालू होणारी गाडी दोन ठिकाणी बोट दाखवते. एक, टाकीच्या झाकणातले हवेचे भोक. ते बुजले की जेवढे पेट्रोल जाते तेवढी हवा आत येत नाही, टाकीत निर्वात पोकळी होते आणि पंप हरतो. बंद पडताच झाकण फिरवावे. ‘फुस्स’ असा आवाज होऊन गाडी चालू झाली तर दोष मिळाला. बाजारातले पर्यायी झाकण बिनभोकाचे असण्याचीही शक्यता असते. दुसरे, टाकीतला गंज व गाळ. चालताना तो शोषनळीच्या जाळीवर ओढला जाऊन बसतो, इंजिन थांबले की खाली गळतो. अशा गाडीत फिल्टर बदलून आठवड्यात पुन्हा तांबूस होतो.

पंप : पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी नळी सोडून लांब रबरी नळीने धातूच्या डब्यात सोडावी, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलच्या प्रायमरीची तार काढून ठेवावी आणि सेल्फ मारावा. पंपाचा एक फेरा इंजिनाच्या दोन फेऱ्यांना होतो. सेल्फवर इंजिन मिनिटाला १५०–२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला दीडेक पिचकारी यायला हवी. पिचकाऱ्या ठळक, सारख्या आणि फेसाविना असाव्यात. नळीत हवा भरलेली असेल तर पहिली काही सेकंदे काही येत नाही, म्हणून घाईने पंपाला दोष देऊ नये. पण सेल्फही सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. हाताचा लिव्हर असलेल्या पंपावर तो हलवून कप्पा भरता येतो. लिव्हर अगदी सैल लागला तर तो तुटला असे नाही : कॅमचा उंचवटा दांड्याखाली थांबलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवले की लिव्हर धरतो.

पंप कमजोर निघाला तरी आधी मागची नळी सोडून, पंपाला थेट डब्यातले पेट्रोल पाजून पाहावे. तसा तो जोमाने उडवत असेल तर दोष टाकी व पंप यांच्या दरम्यान आहे. एरवी डायफ्रॅम ताठरला किंवा फाटला, वरच्या झाकणाचे गॅस्केट हवा घेते, किंवा आतले दोन एकमार्गी व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडे राहिले. व्हॉल्व्ह गळत असतील तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बराच वेळ सेल्फ मागते.

फाटलेल्या डायफ्रॅमचे पेट्रोल पंपाच्या पोटातल्या भोकातून गळते किंवा थेट चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) उतरते. तेलाची काडी काढून वास घ्यावा. तेल पातळ, पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर गाडी त्याच क्षणी थांबवावी, पंपाबरोबर तेलही बदलावे. पातळ तेलावर चाललेले बेअरिंग टिकत नाही. नवा पंप बसवताना ब्लॉक आणि पंप यांमधला जाड उष्णतारोधक तुकडा व त्याची पातळ गॅस्केटे मूळ होती तितकीच ठेवावीत. जाडी वाढली तर दांड्याचा प्रवास कमी पडून नवाकोरा पंपही कमी पेट्रोल देतो.

इलेक्ट्रिक पंप बसवणे हा मान्य उपाय आहे, पण कमी दाबाचाच. इंजेक्शन गाडीचा पंप दहापट दाब देतो. तो नीडल उचलून कप्पा ओसंडून टाकेल. इंजिन बंद पडताच पंपाची वीज तुटेल अशी, तेलाच्या दाबावर चालणारी कळ सोबत हवीच.

उन्हाळा आणि घाट : एप्रिल-मे महिन्यांत बोरघाट किंवा कसारा घाट चढून थांबलेल्या जुन्या गाड्या आणि पंपावर ओले फडके हे दृश्य अनेकांच्या ओळखीचे आहे. फडके हा तोडगा शास्त्राला धरून आहे. तापलेल्या पंपात व शोषनळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ दाबत बसतो, पेट्रोल सरकत नाही. शोषणाच्या बाजूला दाब आधीच कमी असल्याने तिथे वाफ लवकर धरते. म्हणूनच मागची अर्धवट तुंबलेली जाळी हे व्हेपर लॉकचे (वाफेने वाट अडण्याचे) लपलेले कारण असते. थंड पाण्याने पंप निवला की वाफ विरते. पाणी डिस्ट्रिब्यूटरवर उडू देऊ नये, तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तर मुळीच नाही. बिडाला तडा जातो. नळीला लाकडी चिमटे लावण्याने फार काही साधत नाही. मॅनिफोल्डजवळून गेलेली नळी दूर करणे, उष्णतारोधक तुकडा जागेवर असणे आणि रेडिएटर साफ असणे यांचा उपयोग होतो. मारुती ८००मध्ये पंपाला टाकीकडे परतणारी तिसरी नळी आहे. पेट्रोल फिरते राहिल्याने वाफ परत जाते. ती बुजवून टाकणे हा चुकीचा जुगाड आहे.

गरम गाडी बंद करून दहा-वीस मिनिटांनी सुरू होत नाही, पण पेट्रोलचा वास येतो, तेव्हा प्रकार उलटा असतो : कप्प्यातले पेट्रोल तापून घशात उतरलेले असते. पाय पुन्हा पुन्हा न मारता अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. पुन्हा पुन्हा पाय मारल्यास प्लग आणखी भिजतात.

ओव्हरफ्लो : नीडलवर कचरा, झिजलेले टोक, भोक पडलेला फ्लोट किंवा वाढलेला पंपदाब यांनी कप्पा ओसंडतो. पितळी फ्लोट कानाशी हलवून पेट्रोलचा आवाज ऐकावा. नाही आला तर गरम पाण्यात बुडवावा, भोकातून बुडबुडे निघतात. आतले पेट्रोल पूर्ण काढल्याशिवाय डाग देऊ नये, आणि डागाचे कथील कमीत कमी असावे, कारण जड झालेला फ्लोट पातळी वाढवतो. सोलेक्समध्ये पातळी नीडल व्हॉल्व्हखालच्या वॉशरच्या जाडीवर ठरते : जाड वॉशर म्हणजे कमी पातळी. जुना वॉशर हरवून हाताला लागेल तो घालणे हे ‘सर्व्हिस केल्यापासून अॅव्हरेज गेले’ या तक्रारीचे एक नेहमीचे मूळ.

जेट : इंजिन स्लोवर टिकत नाही, चोकवर मात्र चालू राहते, तर पायलट (स्लोचा) जेट पाहावा. काही कार्बोरेटरांवर त्याच मार्गात वीजेचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारी झडप) असतो; किल्ली फिरवल्यावर ‘टक्’ आवाज आला नाही तर जेट खोलण्याआधी त्याची तार तपासावी. गॅस किट बसवलेल्या गाडीत (मुंबईच्या जुन्या टॅक्सींत हे सर्रास असे) पेट्रोलच्या नळीवर आणखी एक सोलेनॉइड असतो. वर्षानुवर्षे गॅसवर चाललेल्या गाडीत तो अडकतो, कप्प्यात चिकट थर जमतो आणि कोरडा पडलेला डायफ्रॅम पेट्रोलवर आणताच फाटतो. जेट हवेच्या दाबाने उडवावा. फारच अडला तर नायलॉनचा बारीक दोरा घालावा. पोलादी तारेने भोक मोठे होते आणि मग कोणत्याही स्क्रूने मिश्रण जुळत नाही.

इथेनॉल : या गाड्या बनल्या तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हते, आता भारतात २० टक्क्यांपर्यंत असते. जुन्या रबराच्या नळ्या, पंपाचे डायफ्रॅम आणि कॉर्कची गॅस्केटे ते मऊ करते किंवा फुगवते, टाकीतला जुना थर सोडवून फिल्टरात आणते, आणि ओलावा धरून जस्तमिश्रित कार्बोरेटरवर पांढरी भुकटी चढवते. नव्या नळ्या घेताना ‘एसएई जे ३० आर ९’ असा छाप पाहावा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर मिश्रण थोडे पातळ होते; प्लग पांढरट दिसू लागले तर मुख्य जेट एक क्रमांक मोठा घालून पाहतात. महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी असेल तर शेवटच्या फेरीनंतर पंपाआधीची नळी बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवावे, म्हणजे कप्प्यात वाळायला फारसे काही उरत नाही. टाकी मात्र भरलेली ठेवावी. रिकाम्या जागेत दव धरते आणि गंज तिथूनच सुरू होतो.