दत्तकाची फाईल एवढी जाड का झाली?

बडोद्यातल्या मराठी घरांना दत्तक हा विषय नवा नाही. हे शहर ज्यांच्या नावाने ओळखलं जातं ते सयाजीराव महाराजच दत्तक आलेले. खंडेराव गायकवाड 1870 मध्ये वारले, त्यांच्यामागून भाऊ मल्हारराव गादीवर बसले आणि 1875 मध्ये इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं. मग खंडेरावांच्या राणी जमनाबाई यांना दत्तक घ्यायची मुभा मिळाली. मालेगावकडच्या कवळाण्याहून गायकवाडांच्या भाऊबंदांपैकी तीन मुलं आणली गेली आणि 27 मे 1875 रोजी त्यांतल्या गोपाळरावाचं दत्तविधान झालं. मुलगा बारा वर्षांचा, अक्षरओळखही नसलेला. कवळाणं मुंबई इलाख्यात, बडोदं संस्थानात. मूल एका राजवटीतून दुसरीत न्यायचं, त्यासाठी वंशावळ तपासायची, वरून मंजुरी मिळवायची. अमेरिकेत राहून इथला भाचा दत्तक घ्यायला निघालेल्या आजच्या बडोदेकरालाही ही यादी ओळखीची वाटेल.

मंजुरीची ही धास्ती आली गव्हर्नर जनरल डलहौसीमुळे. 1848 मध्ये साताऱ्याचं दत्तविधान नामंजूर करून त्याने राज्य खालसा केलं. झाशीच्या गंगाधररावांनी नोव्हेंबर 1853 मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष दत्तक घेतला, पत्रही लिहून दिलं. तरी झाशी गेलीच. 1857 नंतर व्हाइसरॉय कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या तेव्हा कुठे जिवात जीव आला. ग्वाल्हेरच्या शिंद्यांना तर त्याची फारच गरज, कारण 1827 मध्ये बायजाबाईंनी आणि 1843 मध्ये ताराबाईंनी, लागोपाठ दोन पिढ्या त्यांची गादी दत्तकानेच चालवली होती. मात्र हे सगळे कागद गादीसाठी. त्या पोराला काय वाटतंय याचा रकाना त्यात कुठेच नव्हता.

साध्या माणसांच्या घरी भटजी, होम, चार भाऊबंद आणि प्रत्यक्ष देणं-घेणं एवढ्यावर काम भागे. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्याने होम ऐच्छिक केला, मुलगी दत्तक घ्यायला वाट दिली, विधवेला आणि अविवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येऊ लागलं. रजिस्टर केलेलं दत्तकपत्र असेल तर दत्तक कायदेशीर झालं असं कोर्ट गृहीत धरू लागलं. ही सोय मोठी होती, आणि आजचे बरेच घोळ तिच्यातूनच निघतात.

कारण परदेशी माणसांना हा कायदा लागूच नव्हता. 1972 आणि 1980 मध्ये सर्वधर्मीयांसाठी दत्तकाची विधेयकं आली आणि विरोधात अडकून पडली. तोवर परदेशी जोडपी 1890 च्या पालकत्व कायद्याखाली कोर्टाकडून नुसतं पालकत्व घेत, मुलाला घेऊन विमानात बसत आणि आपल्या देशात पोचल्यावर दत्तक घेत. घेतलं तर. मूल इथून निघताना कोणाचंच मुलगा-मुलगी नसे.

1982 मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिलं. दत्तकाच्या नावाखाली तान्ह्या मुलांना जिवावर बेतेल अशा लांबच्या प्रवासाला धाडलं जातं, तिथे त्यांची आबाळ होते, अशी त्यातली तक्रार. पत्राचीच याचिका झाली आणि 6 फेब्रुवारी 1984 रोजी न्या. भगवती यांनी निकाल दिला. मुलासाठी आधी भारतात घर शोधा. परदेशातल्या अर्जदाराने तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यावं. घरची चौकशी लेखी हवी. मूल गेल्यावर त्याच्या खुशालीचे अहवाल हवेत. आज लोक ज्या कागदांना कंटाळतात त्यांतले निम्मे या निकालातून आलेत. त्यांना सरकारी खाक्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढचं भराभर. 1990 मध्ये दत्तकाचं काम पाहणारी ‘कारा’ ही केंद्रीय संस्था आली. देशादेशांतल्या दत्तकासाठीचा 1993 चा हेग करार भारताने 2003 मध्ये मंजूर केला. 2006 च्या दुरुस्तीने बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येऊ लागलं, आणि 2015 च्या कायद्याने ठरवलं की देशाची हद्द ओलांडणारं प्रत्येक दत्तक याच कायद्याने होईल. सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा हुकूम न्यायाधीशांऐवजी कलेक्टर देतात. तारखा पडत राहण्यापेक्षा हे बरं, असं म्हणतात. पण विश्वामित्री नदीला पूर आला की कलेक्टर कचेरीत दुसरं काय हलतं ते बडोदेकरांना विचारा.

हेग कराराची मेख अशी की तो पासपोर्टचा रंग पाहत नाही, तुम्ही राहता कुठे ते पाहतो. दोघंही भारतीय नागरिक, पण न्यू जर्सीत स्थायिक, तर दत्तक आंतरदेशीय. घरची चौकशी तिथली संस्था करणार, दोन्ही देशांची केंद्रीय संस्था होकार देणार, मग ‘कारा’चं ना-हरकत पत्र, कलेक्टरांचा हुकूम, नवा जन्मदाखला, मुलाचा पासपोर्ट, त्या देशाचा व्हिसा. मूल घरी गेल्यावर पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल.

नात्यातलं मूल असेल तर सगळं सोपं, हा आपल्याकडचा ठाम समज. 2015 च्या कायद्यात नातेवाईक म्हणजे मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. बस्स. चुलतभावाचं मूल यात बसत नाही. आपण चुलतभावाला भाऊच म्हणतो, लग्नपत्रिकेतही तसंच छापतो, पण कलेक्टरांपुढे ते चालत नाही. आणि बसत असलं तरी मुलाच्या आईवडिलांची संमती आणि ‘कारा’चं पत्र सुटत नाहीच.

घोळ होतो तो रजिस्ट्रारकडच्या दत्तकपत्राचा. सुट्टीवर यायचं, घरात विधी करायचा, 1956 च्या कायद्याखाली दत्तकपत्र रजिस्टर करायचं आणि ते घेऊन व्हिसाच्या खिडकीपाशी जायचं. इथे पक्का असलेला तो कागद तिथे पुरत नाही. अशी बरीच कुटुंबं अडकल्यावर सप्टेंबर 2021 मध्ये नियम बदलले: हिंदू कायद्याने झालेलं दत्तक परदेशी न्यायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी पडताळणी करायची आणि मग ‘कारा’ने पत्र द्यायचं. ‘आधी दत्तकपत्र करून टाका, बाकी बघू’ असा सल्ला देणारे अजून भेटतात. ऐकू नका.

बडोद्याची म्हणून एक खास अडचण आहे. गुजरातच्या दाखल्यांत आडनाव आधी येतं आणि नावामागे भाई किंवा बेन चिकटतं. रेशनकार्डावर सुनीलभाई, पासपोर्टवर सुनील, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारकुनाने मराठी वळणाने घातलेला सुनीलराव. आपल्याला हा एकच माणूस. परदेशातल्या अधिकाऱ्याला तीन. मग सोगंदनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, गुजराती दाखल्याचा इंग्रजी तर्जुमा, नोटरी, गांधीनगरला गृहखात्याचा शिक्का आणि शेवटी परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, म्हणजे कागदाला डकवलेलं छोटं चौकोनी स्टिकर. भारत अपोस्टिलच्या करारात 2005 मध्ये आला. जो देश त्यात नाही त्याच्यासाठी वकिलातीत वेगळी फेरी.

उलट दिशेने, म्हणजे इथे राहून परदेशातलं मूल दत्तक घ्यायचं, तर तयार वाट फारशी मळलेली नाही, पण नियम स्पष्ट आहेत. आधी सगळं त्या देशाच्या कायद्याने तिथेच पुरं करायचं. म्हणून प्रवास किती, मुक्काम किती, हे तोच देश ठरवतो. आपली घरची चौकशी, मुलाचा अहवाल आणि वैद्यकीय तपासणी पाहून हेग कराराखालची मंजुरी ‘कारा’ देते. दत्तक झालं तरी मुलाच्या हातात पासपोर्ट परदेशीच असतो, त्यामुळे तिथल्या भारतीय वकिलातीकडे प्रवेश व्हिसा मागावा लागतो आणि तिच्यामार्फतच दिल्लीच्या गृहमंत्रालयाची इमिग्रेशनची परवानगी आणावी लागते. ती येईपर्यंत मुलाचं परतीचं तिकीट काढू नये, आणि स्वतःचं काढलंच तर तारीख बदलता येईल असं काढावं.