चित्र की नमुना? कोकण किनाऱ्यावरच्या अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या शास्त्रीय चित्रांची पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या उतारावरून, कातळसड्यांवरून आणि कोकणच्या किनाऱ्यावरून खेकडे, कोळी, चतुर, समुद्री गोगलगायी यांच्या नव्या नोंदी सातत्याने प्रसिद्ध होत आहेत. बातमीसोबत रंगीत फोटो असतो. मूळ शोधनिबंध उघडला तर तिथे काळ्या शाईतल्या रेषा आणि ठिपके दिसतात, शेजारी मिलिमीटरची मोजपट्टी. या रेषांची बातमी होत नाही, पण अनेकदा जात ठरते ती त्यांच्याच आधारे. अशा चित्राला नेमका किती अधिकार आहे, ते नमुन्याची, म्हणजे संग्रहालयात जपलेल्या प्रत्यक्ष प्राण्याची, जागा घेऊ शकतं का, हा वाद गेल्या दहा-बारा वर्षांत पुन्हा पेटला. त्याची झळ मालवण-वेंगुर्ल्यालाही लागली आहे.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. अठराव्या शतकात मुंबईला कंपनीच्या नोकरीत आलेल्या आणि बाणकोटला राहून गेलेल्या एका इंग्रजाने इथली झाडं, पक्षी, किडे रेखाटले आणि १८१३ साली त्या आठवणी चार खंडांत लंडनला छापल्या. ती चित्रं देखणी आहेत. पण त्यांवरून जात ओळखायला बसलं तर फार हाती लागत नाही. खरं काम सुरू झालं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. मुंबईच्या गोदीत १८८१ साली बांधलेल्या सर्वेक्षण जहाजाने अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागराच्या तळातून कोळंब्या, खेकडे, मासे वर काढले आणि १८९२ पासून त्यांच्या चित्रांची पानं छापून येऊ लागली. शिळाछापाची ती पानं आजही संशोधक उघडतात. दगडावर एकेक काटा, एकेक केस उतरवणारे हात कलकत्त्यातल्या बंगाली चित्रकारांचे होते. त्यांची नावं पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडतात. प्राण्याच्या शास्त्रीय नावापुढे मात्र लागतं वर्णन लिहिणाऱ्याचं नाव. ही वाटणी तेव्हापासून चालत आली आहे आणि ती अन्यायाची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच सुमारास, १८९० च्या दशकात, कारवारकडे सरकारी नोकरीत असलेल्या काही हौशी अभ्यासकांनी फुलपाखरांच्या अळ्या घरात पाळल्या. कोणती अळी कोणत्या झाडाचं पान खाते, कात टाकताना रंग कसा बदलते, कोष कसा धरते, हे रोज बघून लिहून ठेवलं. मेलेली अळी आक्रसते, काळवंडते. त्यामुळे तिचं जिवंतपणी काढलेलं चित्र हाच खरा पुरावा ठरतो. पुढच्या वादाचं बीज इथेच आहे.

छपाईच्या मर्यादाही होत्या. ताम्रपटावर किंवा दगडावर जसं दिसतं तसं कोरलं की कागदावर ते उलटं उमटतं. १६५० साली एका नामवंत डच चित्रकाराने शंखाचं अप्रतिम चित्र कोरलं. छापात त्याचे वेढे उलट्या दिशेने फिरले. आपली सही मात्र त्याने सुलट येईल अशी कोरली होती. आपल्याकडच्या पूजेच्या शंखाचं असं झालं, तर साधा शंख कागदावर दक्षिणावर्ती होऊन बसेल! खेकड्यांतही असंच. ज्यांचा एक नांगा मोठा असतो, त्यांच्यात तो डावा की उजवा हे चित्रात चुकलं, तर ती चूक पुढच्या प्रत्येक नकलेत जाते.

आता मुख्य वादाकडे. समुद्री गोगलगायीला कवच नसतं. ओहोटीच्या डबक्यात ती निळी, पिवळी, केशरी, ठिपक्यांची दिसते; पाठीवर पिसाऱ्यासारखे कल्ले फुललेले असतात. अल्कोहोलमध्ये टाकली की काही दिवसांत तिचा आक्रसलेला, फिकट गोळा होतो. १८६४ साली लंडनमध्ये भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या समुद्री गोगलगायींवर एक निबंध छापला गेला. त्याच्या लेखकांनी हे प्राणी जिवंत पाहिलेच नव्हते. त्यांच्याकडे होते बाटल्यांतले नमुने आणि किनाऱ्यावर प्राणी जिवंत असताना काढून घेतलेली चित्रं. श्रीलंकेतही त्याआधी काही वर्षं एका डॉक्टरने अशीच चित्रं जमवली होती. पुढे १९०६ साली या दोन्ही संग्रहांची नव्याने तपासणी झाली, तेव्हा कुठली जात कुठली हे ठरवताना अनेक ठिकाणी चित्रांचाच आधार घ्यावा लागला. रंग, कल्ल्यांची ठेवण, शरीराची कड कशी दुमडते, यातलं बाटलीत काहीच उरलं नव्हतं.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. गोगलगायीच्या तोंडात दातांची पट्टी असते. त्या दातांची संख्या आणि आकार बघायचे तर प्राणी कापावाच लागतो. डीएनएसाठी ऊतीचा तुकडा हवा. चित्रकाराने जे पाहिलं नाही ते चित्रात येत नाही, आणि शंभर वर्षांनी एखाद्याला नवा प्रश्न पडला तर त्याचं उत्तर कागद देऊ शकत नाही. नमुना देऊ शकतो. म्हणून संग्रहालयातला नमुना हाच पाया, असं मानणाऱ्यांची बाजू लंगडी नाही.

प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली याबद्दल काय म्हणते? सध्याची आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नव्या जातीसाठी आदर्श नमुना (ज्याच्याशी ते नाव कायमचं बांधलं जातं तो) स्पष्टपणे ठरवलाच पाहिजे, असं ती सांगते. पण तिच्याच ७३व्या कलमात एक पोटनियम आहे: एखाद्याने एका प्राण्याचं चित्र आदर्श म्हणून नेमलं, तर चित्रातला तो प्राणी नेमला असं धरावं, तो प्राणी आज अस्तित्वात नाही किंवा सापडत नाही, एवढ्यावरून ती नेमणूक रद्द होत नाही. जुन्या ग्रंथांतली कित्येक नावं या आधारावर टिकून आहेत, कारण त्यांचे नमुने युद्धात जळले, किड्यांनी खाल्ले किंवा कुठे गेले कळलंच नाही.

हा पोटनियम भूतकाळ सांभाळण्यासाठी आहे, असा बहुतेकांचा समज होता. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीला केवळ फोटोंवरून नाव दिलं गेलं. माशी पकडलेलीच नव्हती. दुसऱ्याच वर्षी जगभरातल्या जवळपास पाचशे वर्गीकरणतज्ज्ञांनी एकत्र सह्या करून विरोध नोंदवला: फोटोवरून जात ठरवणं अपुरं आहे, अनावश्यक आहे आणि घातकही ठरू शकतं. २०१७ साली नियामक मंडळाने मधला मार्ग काढला. नियम तसाच ठेवला. सोबत शिफारशी जोडल्या. शक्यतो जतन केलेला नमुनाच नेमावा; तो नसेल तर का नाही याचं कारण द्यावं, त्या गटाच्या तज्ज्ञांशी आधी बोलावं आणि प्रतिमांची सविस्तर नोंद ठेवावी. शिफारशी पाळल्याच पाहिजेत अशी सक्ती नाही.

या भांडणात हाताने काढलेलं चित्र हकनाक भरडलं गेलं, असं मला वाटतं. फोटो एका क्षणाचा, एका कोनाचा असतो. शास्त्रीय चित्र काढणारा प्राण्याला सर्व बाजूंनी पाहतो, मोजतो, पायाचे सांधे गणतो, आणि मगच रेषा ओढतो. नियमावली या दोहोंत फरक करत नाही. आक्षेप फोटोवर होते, पण त्यातून पसरला तो सगळ्याच प्रतिमांबद्दलचा संशय. आमच्याकडे तरुण अभ्यासक हल्ली विचारतात, चित्र काढायचंच कशाला? फोटो आहे, नमुना आहे, झालं की.

कुर्लीचं उदाहरण घेतलं तर उत्तर कळतं. नर कुर्ली उताणी केली की पोटावर दुमडलेली अरुंद पट्टी दिसते. मादीची रुंद आणि गोलसर असते. नराची पट्टी उचलली की आत दोन बारीक, ताठ काड्या असतात. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्याच्या छोट्या खेकड्यांत ही काडी काही मिलिमीटरच भरते. तिचं टोक बाहेर वळतं की आत, मधली खाच किती खोल, केसांची रांग कुठून सुरू होते, यावर जात ठरते. २०१४ साली 'घाटियाना' ही नवी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) उभी राहिली तेव्हाही ही काडी महत्त्वाची होती. जांभळ्या-केशरी रंगांचे फोटो लोकांना आवडले, पण नुसत्या रंगावर भिस्त ठेवता येत नाही. फोटोत काडीवर पाण्याचा थेंब चमकतो, केस एकमेकांत मिसळतात, टोक धूसर होतं. चित्रात एका बाजूचे केस दाखवता येतात आणि दुसऱ्या बाजूचे मुद्दाम वगळता येतात, म्हणजे खालचा पृष्ठभाग दिसतो. झाकलेला भाग तुटक रेषेने. प्रकाश डावीकडून, वरून, हा जगभर पाळला जाणारा रिवाज. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या आरशाच्या नळीतून कागद आणि काडी एकाच वेळी दिसतात, पेन्सिलीने बाह्यरेषा उतरवायची आणि मग ट्रेसिंग पेपरवर बारीक निबेच्या रोट्रिंग पेनने ठिपके द्यायचे. या युक्तीचं मूळ असलेल्या साधनाचं पेटंट १८०६ सालचं आहे. आता बरेच जण शाईचं काम टॅबलेटवर करतात. बघणं मात्र तेच राहिलं आहे.

रंगाचं गणित वेगळं. जिवंत कुर्लीच्या कवचातलं लाल रंगद्रव्य प्रथिनाला बांधलेलं असतं, म्हणून ते हिरवट, निळसर दिसतं. शिजवली की बंध सुटतो आणि ती लाल होते. हे कालवणाच्या टोपात सगळ्यांनी पाहिलं आहे. अल्कोहोलमध्येही रंग बदलतो आणि पुढे द्रावणात उतरून जातो. त्यामुळे रंगाची नोंद जागेवर, प्राणी ओला असतानाच व्हायला हवी.

कोकणात या वादाला कायद्याची आणखी एक बाजू आहे. जैवविविधता कायदा २००२ च्या ३९व्या कलमानुसार नवी जात शोधणाऱ्याने तिचा नमुना नेमून दिलेल्या भांडारात जमा केलाच पाहिजे. म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमाने चित्रासाठी ठेवलेली फट इथे बंद आहे. दुसरीकडे, २००१ पासून प्रवाळ, समुद्रकाकड्या आणि काही शंख-शिंपले वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आले. मालवणचं सागरी अभयारण्य तर १९८७ पासून जाहीर आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्याच्या गाभ्यात येतात. अभयारण्याला तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे, आणि परवानगीशिवाय तिथून प्राणी उचलून नेता येत नाही. नमुना द्या, असं एक कायदा म्हणतो. उचलू नका, असं दुसरा. परवान्यांच्या मधल्या काळात ओहोटीला डबक्याशी बसून चित्र काढणं तेवढं करता येतं, आणि ते करणारे लोक आहेत.

दूरच्या बेटांवर हीच अडचण वाढते. वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रातल्या दीपगृहाच्या खडकाळ बेटांवर एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासक जात आले, ते पाकोळ्यांसाठी. गुहेतल्या विष्ठेवर जगणारे किडे, फटींतले कोळी, भरतीरेषेवरचे उवांएवढे खेकडे पक्ष्यांमागे राहिले. पावसाळ्यात, किनाऱ्यावर कीटकांचा सुकाळ असतो तेव्हा, खवळलेल्या दर्यात तिकडे होडी जात नाही. त्यामुळे बेटावरची चित्रं म्हणजे कोरड्या महिन्यांची चित्रं.

विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरहून अधिक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांचं नाव मिरवणारा बुडालेला प्रवाळी उंचवटा आहे. त्याचा माथा साधारण वीस मीटर पाण्याखाली आहे. तिथे गेलेल्या अलीकडच्या मोहिमांनी कॅमेरे नेले, आणि ते योग्यच होतं. टाकीतली हवा संपायच्या आत पाणबुड्याला शिसपेन्सिलीने प्लास्टिकच्या पाटीवर फार काही रेखाटता येत नाही. पण वर आणलेल्या प्रत्येक प्राण्याचं जहाजावरच, समुद्राच्या पाण्याच्या ट्रेमध्ये तो हलत असताना चित्र निघायला हवं, त्यासाठी चित्रकाराला मोहिमेत जागा मिळायला हवी आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर चित्राचा क्रमांक पडायला हवा. ३९व्या कलमात नमुना जमा करण्याची तरतूद आहे. सोबतच्या चित्राबद्दल त्यात अजून एक अक्षरही नाही.