एर्नो आला कुठून

सी भाषेत फाइल उघडणारं ओपन किंवा वाचणारं रीड फसलं की हाती उणे १ येतं, आणि नेमकं काय बिनसलं ते एर्नोत (errno, झालेल्या चुकीचा क्रमांक जिथे ठेवतात ते चल) बघावं लागतं. एकाच उत्तरासाठी दोन दारं ठोठवायची ही पद्धत १९७०च्या दशकातल्या पीडीपी-११ मशीनवरची. सिस्टीम कॉल, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी, फसला की युनिक्सचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) प्रोसेसरचा कॅरी बिट हा एका बिटाचा झेंडा चढवायचा आणि झालेल्या चुकीचा क्रमांक आर-शून्य या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या खणात, ठेवायचा. मग लायब्ररीतला असेंब्लीचा एक छोटा तुकडा, सीएरर, तो क्रमांक एर्नो या ग्लोबल इंटमध्ये (सगळ्या प्रोग्रॅमला दिसणाऱ्या पूर्णांकाच्या चलात) टाकायचा आणि उणे १ परत द्यायचा.

सगळी मेख इथेच आहे. कॉल यशस्वी झाला तर सीएररकडे कोणी वळतच नाही, एर्नोतला जुना आकडा तसाच पडून राहतो. म्हणून आधी परत आलेली किंमत तपासायची, तिने चूक दाखवली तरच एर्नो वाचायचा, आणि तोही लगेच. ओपन फसल्यावर आधी मजकूर छापणारं प्रिंटएफ आणि मग एर्नोचा अर्थ छापणारं पेरर लिहिलं, आणि आउटपुट पडद्याऐवजी पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जात असलं, की जुन्या लायब्ररी ‘हे टर्मिनल आहे का’ हे मधेच तपासत. ते तपासणं फसायचं आणि ‘फाइल नाही’ याचा २ पुसून तिथे २५ बसायचा. फाइल सापडत नसताना ‘टाइपरायटर नाही’ असा चक्रावणारा संदेश त्यातूनच यायचा. मधे काही छापायचंच असेल तर एर्नो आधी स्वतःच्या इंटमध्ये उचलून ठेवा. मजकुराचा आकडा करणाऱ्या स्ट्रटोलचं उलट आहे: तिथे परत आलेली कुठलीही किंमत खरी असू शकते, म्हणून बोलावण्याआधी एर्नो स्वतः शून्य करावा लागतो.

थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये एकत्र चालणारे कामाचे धागे, आले आणि एक सामायिक ग्लोबल पुरेना. १९९५च्या पॉझिक्स थ्रेड मानकाने प्रत्येक थ्रेडला स्वतःचा एर्नो दिला. जीलिबसीत, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, तो आता मॅक्रो आहे: हेडर फाइलमधलं असं नाव, ज्याच्या जागी कंपाइल होताना दुसरा कोड बसतो. त्यामुळे हेडर न घेता हाताने ‘एक्स्टर्न इंट एर्नो’ लिहिलेले जुने प्रोग्रॅम लिंक होताना अडतात. पीथ्रेड या थ्रेड हाताळणाऱ्या लायब्ररीची बहुतेक फंक्शनं तर एर्नोच्या वाटेला न जाता झालेल्या चुकीचा क्रमांक थेट परत देतात, तोही धन. त्यांच्यापुढे ‘शून्यापेक्षा कमी’ अशी तपासणी लिहिली, की ती कधीच खरी ठरत नाही आणि चूक गुपचूप निसटते.

एक्स८६वर (इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर) लिनक्सचा कर्नल कॅरी बिट वापरत नाही. चूक झाली की तो उणे १ ते उणे ४०९५ यांतला आकडा परत देतो, लायब्ररी चिन्ह उलटवून तो एर्नोत भरते. सिग्नलमुळे, म्हणजे प्रोग्रॅमला मधेच आलेल्या सूचनेमुळे, रीड अडलं आणि एर्नोत ४ आला तर पुन्हा बोलावणं बरोबर. फाइल बंद करणाऱ्या क्लोजला मात्र हा नियम लावू नका: लिनक्सवर तोवर डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) सुटलेला असतो, आणि दुसऱ्या थ्रेडने तोच क्रमांक घेतला असेल तर तुम्ही त्याची फाइल बंद कराल.